खोदताना एक माणूस उभा करा

प्रति,
मा. आयुक्त, शहर अभियंता आणि पथ, मलनिःसारण व पाणीपुरवठा विभागांतले सर्व अभियंते,
पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, पैठण, जुन्नर आणि ज्या ज्या शहराला जुनं गावठाण आहे अशा सगळ्या महापालिका व नगरपरिषदा.

विषय : गावठाण हद्दीतील रस्ते खोदाईच्या निविदेत पुरातत्त्वीय देखरेखीची बाब समाविष्ट करणेबाबत.

सप्रेम नमस्कार.

विषय सरकारी भाषेत लिहिला की पत्र निदान योग्य टेबलावर जातं, म्हणून तो तसा लिहिला. पुढचं साध्या भाषेत लिहितो. नोकरीची सगळी वर्षं ड्रेनेज आणि रस्त्यांच्या कामावर काढलेला मी एक निवृत्त उपअभियंता आहे. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखंच आयुष्य जगताय, त्यामुळे फार समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पेठांतले, गावठाणांतले डांबरी रस्ते उकरून काँक्रीटचे करायचं काम सध्या बहुतेक जुन्या शहरांत चालू आहे. काँक्रीट टाकलं की पुढची पंचवीस-तीस वर्षं रस्त्याला हात लावायचा नाही, म्हणून त्याआधी खालचं सगळं बदलून घ्यायचं : ड्रेनेज, पाण्याची लाइन, पावसाळी गटार, केबलचे डक्ट. हा निर्णय बरोबर आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्यापायी गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दीड-दोन मीटर खोल अशी जी खणती होते, तेवढी त्या गल्लीने आजवर पाहिलेली नाही. आणि त्या दीड-दोन मीटरांतच गावाचा बराचसा भूतकाळ असतो. गढ्या आणि टेकाडं सोडली, तर आपल्याकडे काळा पाषाण फार खोल नसतो. वस्तीचा थर बऱ्याच ठिकाणी दोन-चार मीटरांत आटपतो. म्हणजे आपला ड्रेनेजचा ट्रेंच शेकडो वर्षं एका फटक्यात कापून खाली मुरमावर जाऊन टेकतो. भुयारी मेट्रोचा बोगदा जाऊन जाऊन खालच्या खडकातून जाणार. गावठाणाच्या दृष्टीने त्याच्यापेक्षा आपला जेसीबी जास्त वाईट.

निवृत्तीनंतर मी काही काळ त्रयस्थ तपासणीची कामं घेत होतो. एका जुन्या शहराच्या बाजारपेठेत ड्रेनेजचं काम चालू होतं. शहराचं नाव देत नाही, कारण जे घडलं ते कुठेही घडलं असतं. ट्रेंच पुरुषभर खोल गेली होती आणि एका बाजूची कड बकेटने अशी स्वच्छ कापली गेली होती की थर बोटाने मोजावेत. वर डांबराचे पापुद्रे. त्याखाली खडी आणि मुरूम. मग राखेचा काळा पट्टा, त्यात कौलांचे आणि खापरांचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे निळे-हिरवे तुकडे. त्याखाली पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, भुसभुशीत माती. आणि त्या मातीच्या पोटात, आजच्या रस्त्याला तिरकी जाणारी दगडी फरसबंदी. घडीव दगड, वरून झिजून गुळगुळीत झालेले, आणि एका कडेला दगडांनीच बांधलेली वीतभर रुंदीची गटार. उतार आपल्या आजच्या लाइनच्या बरोबर उलट्या दिशेला. म्हणजे पूर्वी कधीतरी त्या बाजाराचं पाणी दुसरीकडे जात होतं. का, ते कुणाला ठाऊक नाही.

मी सुपरवायझरला म्हटलं, एक दिवस थांबा, कुणाला तरी बोलावून दाखवतो. माणूस भला होता. म्हणाला, "थांबतो साहेब, पण मशिनचं भाडं कोण देणार? आणि एमबीत, मोजमाप पुस्तकात, काय लिहू?" कनिष्ठ अभियंत्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, कुठल्या कलमाखाली थांबवू?" दोघांचेही प्रश्न रास्त होते. निविदेत असं कलम नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पाइप बसलेला होता आणि वर मुरमाचा भराव. काढलेल्या दगडांपैकी दोन पुढे एका दुकानाच्या पायरीला लागलेले दिसले.

या प्रकरणात वाईट माणूस कुणीच नाही. कंत्राटदाराला बिल काढायचं होतं, अभियंत्याला पावसाळ्याआधी रस्ता बुजवायचा होता, दुकानदारांना धंदा सुरू करायचा होता. नसलेली गोष्ट एकच होती : निविदेतली एक ओळ. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. आणि ज्यांच्याकडे ती ओळ होती त्यांचं काय झालं, ते आधी सांगतो, कारण ती गोष्ट शंभर टक्के गोड नाही आणि म्हणूनच आपल्या उपयोगाची आहे.

ग्रीसच्या उत्तरेला थेसालोनिकी नावाचं बंदर आहे, अथेन्सच्या खालोखाल मोठं शहर. इ.स.पू. ३१५ च्या सुमारास कॅसँडर राजाने ते वसवलं आणि त्याला आपल्या बायकोचं, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं, नाव दिलं. तेव्हापासून ते कधी ओसाड पडलं नाही. रोमन आले, मग बायझंटाईन साम्राज्यात ते कॉन्स्टँटिनोपलच्या खालोखाल मानाचं शहर झालं, ११८५ मध्ये नॉर्मनांनी लुटलं, १४३० मध्ये उस्मानी तुर्कांनी घेतलं, १९१२ मध्ये ग्रीसमध्ये आलं. १९१७ च्या आगीत मधलं शहर जळून खाक झालं आणि एका फ्रेंच रचनाकाराच्या आराखड्यावर नव्याने उभं राहिलं. एवढं सगळं होऊनही शहराचा मुख्य रस्ता मात्र हलला नाही. आज त्याला एग्नातिया म्हणतात. रोमनांनी शहरातून पूर्व-पश्चिम जो राजरस्ता आखला, तो जवळजवळ याच रेषेत, फक्त काही मीटर खाली.

या रस्त्याखालून मेट्रो न्यायचं काम २००६ मध्ये सुरू झालं. ९.६ किलोमीटर, १३ स्थानकं. तिथल्या अभियंत्यांनी सुरुवातीला एक शहाणपणाची गोष्ट केली : बोगदे पुरातन थरांच्या खालून नेले. पण बोगदा खालून नेता येतो, स्थानक नेता येत नाही. स्थानकाची पेटी जमिनीपासून खाली उघडावी लागते, आणि तिथेच गाठ पडते. व्हेनिझेलू नावाच्या स्थानकाच्या खड्ड्यात, आजच्या रस्त्याच्या सुमारे सहा मीटर खाली, संगमरवरी फरसबंदीचा जुना राजरस्ता सापडला. सत्तर-पंचाहत्तर मीटर लांबीचा सलग तुकडा, आडव्या रस्त्याशी होणारा चौक, आणि दोन्ही बाजूंना मध्ययुगीन दुकानांच्या आणि कारागिरांच्या कारखान्यांच्या भिंती. फरशांवर गाड्यांच्या चाकांच्या खुणा होत्या. काही फरशांवर पोरांनी पटाच्या खेळाची घरं कोरलेली होती. आपल्याकडे देवळाच्या ओवरीत किंवा घाटाच्या पायरीवर वाघ-बकरीचा पट कोरलेला असतो, तसंच हे, फक्त भर बाजाराच्या रस्त्यात.

मला त्यात सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर ती जागा. त्या कोपऱ्यावर वर रस्त्यात आजही पंधराव्या शतकातली हमजा बेची मशीद उभी आहे, जवळच उस्मानी काळातला छपराचा कापडबाजार आहे आणि पलीकडे भाजी-मासळीची मंडई. म्हणजे सहा मीटर खाली जो धंदा चालू होता तोच वर चालू आहे. राज्यं गेली, धर्म बदलले, भाषा बदलल्या, दुकानाचा कोपरा तिथेच राहिला. तुमच्या-माझ्या गावातल्या जुन्या बाजारपेठेतही हेच असण्याची दाट शक्यता आहे. बाजार सहसा जागा सोडत नाही.

आता भांडण. ग्रीसमध्ये २००२ पासून असा कायदा आहे की बांधकामात काही सापडलं तर काम थांबवायचं, कळवायचं, आणि उत्खननाचा खर्च ज्याचा प्रकल्प त्यानेच सोसायचा. त्यामुळे "मशिनचं भाडं कोण देणार" हा प्रश्न तिथे आधीच सुटलेला होता. उत्खनन झालं, अगदी रीतसर. सगळ्या स्थानकांत मिळून तीन लाखांहून जास्त वस्तू निघाल्या. पण या सापडलेल्या रस्त्याचं करायचं काय? मेट्रो कंपनीचं म्हणणं, फरशा उचला आणि शहराच्या पश्चिमेला एक जुनी लष्करी छावणी आहे तिथे नेऊन मांडा. २०१३ च्या जानेवारीत सरकारच्या पुरातत्त्व मंडळाने त्याला मान्यताही दिली. गावात गदारोळ उठला. महापौर यानिस बुतारिस होते, वाइनचा धंदा करणारे, हातावर गोंदवून घेतलेले, कुणाची भीडभाड न ठेवणारे गृहस्थ. ते आणि विद्यापीठातले लोक अडून बसले. लोकांची घोषणा फार साधी होती : मेट्रोही हवी आणि जुनं शहरही. त्यातून दुसरा आराखडा निघाला, रस्ता जागेवर पेलून धरायचा आणि स्थानक त्याच्या खालून खणायचं. २०१७ मध्ये तो मंजूर झाला. मग २०१९ मध्ये सरकार बदललं आणि नव्या पंतप्रधानांनी, मित्सोताकिस यांनी, जाहीर केलं की एवढा वेळ नाही, रस्ता तुकड्या-तुकड्यांनी काढायचा, स्थानकाचा सांगाडा बांधायचा आणि मग रस्ता परत होता तिथे बसवायचा. पुरातत्त्वज्ञांची संघटना न्यायालयात गेली. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काठावरच्या बहुमताने सरकारच्या बाजूने कौल दिला. रस्ता निघाला, गोदामात गेला, परत आला. ३० नोव्हेंबर २०२४ ला मेट्रो सुरू झाली. बुतारिस त्याच महिन्यात, उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी, वारले.

त्या निर्णयाबद्दल माझं मत सांगतो. रस्ता काढून परत बसवणं मला पटलेलं नाही. आपण रस्तेवाले आहोत, आपल्याला कळतं की रस्ता म्हणजे वरची फरशी नव्हे. फरशीखालचं दगडांचं सोलिंग, त्याखालची दाबलेली माती, दोन फरश्यांमधल्या सांध्यात अडकलेली घाण, दुकानाच्या उंबऱ्याची लेव्हल आणि रस्त्याची लेव्हल यांतला फरक, गटाराचा इनव्हर्ट (तळाची पातळी), हे सगळं मिळून रस्ता. फरशांना नंबर घालून त्या पुन्हा बसवता येतात, खालची माती नंबर घालून परत घालता येत नाही. त्यांनी काम कितीही काळजीपूर्वक केलेलं असो, आता तिथे आहे ती रस्त्याची फरशी. रस्ता २०२१ च्या आसपास गेला.

पण याच्या पुढची गोष्ट मी विरोधकांनाही सांगेन. आज त्या स्थानकात रोज कामाला जाणारा माणूस जिना उतरताना ती फरशी बघतो. त्याच्या गावात वाद इतका पेटला की पंतप्रधानाला त्यावर बोलावं लागलं, वरच्या न्यायालयात त्यावर दोन मतं पडली. आपल्याकडे वाद होण्याइतकी बातमीच बाहेर येत नाही. जे सापडलं ते बुजवलं, संपलं. थेसालोनिकीतली चूक ही सापडल्यानंतरची होती. आपली चूक सापडण्याच्या क्षणाची आहे.

"पुरातत्त्वामुळे त्यांची मेट्रो रखडली" असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. काम सुरू झालं तेव्हा ते २०१२ मध्ये संपायचं होतं, संपलं २०२४ मध्ये, हे खरं. पण त्या बारा वर्षांत देश दिवाळखोरीच्या काठावर गेला, पैसे थांबले, कंत्राटदाराशी लवाद झाले. आपल्याकडचे किती उड्डाणपूल बारा वर्षं रखडलेत आणि त्यांच्याखाली किती संगमरवरी रस्ते निघाले, ते तुम्हीच आठवा. उशीर झाला की मेलेल्या माणसांवर ढकलणं सोयीचं असतं, ते हरकत घेत नाहीत.

आता आपल्या रोजच्या कामाच्या भाषेतली एक गोष्ट. आपण मिलिंग न करता, म्हणजे जुना थर न खरवडता, डांबराचा थर वर थर चढवतो. रस्ता वर जातो, जुनी घरं खाली राहतात, पहिल्या पावसात पाणी उंबऱ्यातून आत शिरतं आणि तक्रारी येतात. ही काही आपलीच करामत नाही. रशियात नोव्हगोरोद नावाचं मध्ययुगीन व्यापारी शहर आहे. तिथे १९५१ ते १९६२ या काळात आर्त्सिखोव्स्की या पुरातत्त्वज्ञाने जुन्या वस्तीचा एक मोठा तुकडा खणला. त्यात "मोठा रस्ता" या नावाचाच एक रस्ता निघाला, लाकडी ओंडक्यांची फरसबंदी असलेला, एकावर एक २८ थरांचा. चिखल वाढला की लोक जुनी फरसबंदी न काढता वर नवी टाकत. जमीन पाणथळ, हवा खाली पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजलं नाही. ओंडक्यांची वार्षिक वलयं मोजून प्रत्येक थराचं वर्ष काढता आलं : सर्वांत खालचा थर इ.स. ९५३ चा, सर्वांत वरचा १४६२ चा. पाचशे नऊ वर्षांत अठ्ठावीस थर, म्हणजे सरासरी अठरा वर्षांनी एक. आपल्या डीफेक्ट लायबिलिटीच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या दुरुस्तीच्या हमीच्या, मानाने बरंच टिकाऊ काम म्हणायचं.

आणि तो रस्ता नुसता रस्ता राहिला नाही, ते शहराचं कॅलेंडर झालं. शेजारच्या घरात कोणतीही वस्तू सापडली, की ती रस्त्याच्या कितव्या थराच्या पातळीवर आहे ते बघायचं आणि साल सांगायचं. २६ जुलै १९५१ ला त्याच खोदकामात बर्च झाडाच्या सालीवर कोरलेलं पहिलं पत्र मिळालं. सापडलं ते खोदकामावरच्या एका मजूर बाईला, ओंडक्यांच्या फटीत. आजवर अशी हजाराहून जास्त पत्रं निघालीत. राजांची फर्मानं फार कमी. उधारीच्या याद्या, बायकोने नवऱ्याला पाठवलेले निरोप, भांडणं, एका लहान मुलाने अक्षरं गिरवता गिरवता काढलेली चित्रं. त्या बाईने ती साल कचरा म्हणून टोपलीत टाकली नाही, कारण काय बघायचं ते तिला आधी सांगून ठेवलेलं होतं आणि सापडलं तर द्यायला माणूस जवळ उभा होता.

आपल्याकडे पुरातत्त्वाचं काम झालंच नाही असं अजिबात नाही. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या ब्रह्मपुरीतूनच ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती मिळालेली आहे, आणि ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात बघायला मिळते. नाशिकला सांकळिया आणि देव यांनी १९५० नंतर गोदेकाठची मातीची गढी खणली. पण हे सगळं मोकळ्या उरलेल्या जागेत : टेकडी, गढी, पडीक रान. राहत्या गावाच्या पोटात शास्त्रज्ञाला कोण खणू देणार? तिथे खणायचा परवाना फक्त आपल्याकडे, म्हणजे महापालिकेकडे आहे. जिथे शास्त्रज्ञ जाऊ शकत नाही तिथे आपण बारा महिने खणतो आणि जिथे आपण खणतो तिथे शास्त्रज्ञ नसतो. संभाजीनगरच्या अभियंत्यांना तर हे मी सांगायलाच नको. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या पाण्याच्या नहरींच्या भूमिगत मार्गांवरून ज्यांचे रस्ते जातात त्यांना जुनं बांधकाम आणि नवीन पाइप यांची गाठ काय असते ते माहीत आहे.

पुण्यात मंडईच्या भुयारी स्थानकाच्या खोदकामात हाडं निघाली तेव्हा ती तज्ज्ञांना दाखवली गेली, हत्तीची असावीत असं मत पडलं, पेपरात आलं, काम पुढे गेलं. काही कोसळलं नाही. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, थेसालोनिकीच्या दोन महिने आधी. मोठ्या प्रकल्पात निदान कुणी तरी बघणारं असतं. गल्लीतल्या पाच-पन्नास लाखांच्या ड्रेनेज कामावर कुणी नसतं, आणि गावठाणाचं खरं पोट तिथेच उघडतं.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम म्हणतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. तो मोहरांचा हंडा डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा आहे. झिजलेल्या फरसबंदीची आणि उलट्या उताराच्या गटाराची किंमत दहा रुपये की किती, हे कोणता जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, ठरवणार? दुसरा कायदा १९५८ चा, संरक्षित स्मारकांचा, २०१० मध्ये सुधारलेला. त्यात केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण. शनिवारवाड्याभोवतीच्या रहिवाशांना विचारा त्याबद्दल. पडायला आलेले वाडे दुरुस्त करायलाही परवानगी लागते, नवीन बांधता येत नाहीत, माणसं टेकू लावून राहतायत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

आणि खरी अडचण इथेच आहे, ती मोकळेपणाने बोलायला हवी. गावठाणातला माणूस काही सापडलं तर लपवतो, कारण त्याला वाटतं पुरातत्त्ववाले आले की आपली जागा गेली. कंत्राटदार लपवतो, कारण काम थांबलं की त्याचं नुकसान. अभियंता बघूनही बघत नाही, कारण कळवलं तर चौकशी, नाही कळवलं तर काहीच नाही. असा सगळ्यांचा फायदा बुजवण्यातच असेल तर बुजवलंच जाणार. त्यामुळे मी जी ओळ मागतोय तिच्यात पहिली गोष्ट ही स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे की या देखरेखीमुळे कुणाच्याही मिळकतीवर कोणतंही नवीन बंधन येणार नाही. नोंद होईल, काम पुढे जाईल. फार महत्त्वाचं काही निघालं तरच पुढचा विचार, आणि तोही रस्त्याच्या हद्दीतच.

मसुदा असा काहीसा करता येईल : "गावठाण हद्दीत रस्त्याच्या विद्यमान थराखाली होणाऱ्या कोणत्याही खोदाईवर पुरातत्त्वशास्त्रातील पदवीधर निरीक्षक उपस्थित राहील. निरीक्षकाच्या लेखी सूचनेवरून खोदाई त्या भागापुरती जास्तीत जास्त दोन कामाचे दिवस थांबविता येईल. या काळातील यंत्रसामग्रीचे भाडे मंजूर दराने देय राहील व कामाच्या मुदतीत तितकीच वाढ आपोआप मिळेल." एवढंच. दोन दिवसांत माणूस कड साफ करून मोजपट्टी लावून फोटो काढतो, थरांचं रेखाटन करतो, आपल्याच बेंचमार्कवरून लेव्हल घेतो, खापरं पिशवीत भरून त्यावर चिठ्ठी लावतो. त्याच दोन दिवसांत कंत्राटदार पुढच्या चेंबरवर काम करू शकतो, म्हणून "त्या भागापुरती" हे शब्द वगळू नका. त्यावरच सगळं अवलंबून आहे. आणि लाइन अर्धा मीटर सरकवून फरसबंदी वाचत असेल तर ती सरकवायची मुभा जागेवरच्या अभियंत्याला द्या. जिथे पाण्याची जुनी लाइन आडवी येते तिथे आपण रोज हेच करतो.

माणसं कुठून आणायची? पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, मुंबईत राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. पुरातत्त्व शिकून कामाच्या शोधात फिरणारी मुलं-मुली किती आहेत हे या दोन ठिकाणी विचारलं तरी कळेल. त्यांना ट्रेंचमध्ये उतरण्याआधी शोअरिंग म्हणजे काय, कड ढासळू नये म्हणून आधार कसा देतात, आणि जिवंत केबल कशी ओळखायची हे आपण शिकवायचं. राख आणि खापरं कशी वाचायची ते त्यांनी आपल्या जेईंना शिकवायचं. मजुरांनाही सांगून ठेवायचं, कारण पहिली नजर त्यांचीच पडते. सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं, कुठे ठेवायच्या, हा प्रश्न पहिल्याच वर्षी गोंधळाचा होणार आहे. माझी सूचना : सुरुवातीला वॉर्ड ऑफिसच्या एका कपाटात ठेवा, यादी करा, यादी सगळ्यांना बघता येईल अशी जाहीर करा. संग्रहालय नंतर बघू. नोंद असेल तर खापर महत्त्वाचं, नोंद नसेल तर संग्रहालयात ठेवूनही ते खापरच.

या पत्राची एक प्रत पुरातत्त्वाच्या मंडळींनाही जाते आहे. त्यांना विनंती : ट्रेंचवर आलात तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे पाणी सोडायची वेळ ठरलेली असते आणि बाजूच्या इमारतीतली म्हातारी माणसं फळीवरून ये-जा करत असतात. दोन दिवस म्हणजे दोनच दिवस.

डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, ही बाब नाही, म्हणून दर कसा लावायचा, असा पहिला शेरा फाइलवर येईल हे मला माहीत आहे. निरीक्षकाचा दिवसाचा पगार, प्रवास, किरकोळ साहित्य धरून दर पृथक्करण करा आणि अतिरिक्त बाब म्हणून घ्या. यापेक्षा कितीतरी अवघड बाबींचे दर तुम्ही आठवड्याभरात मंजूर करून घेता. येत्या दिवाळीनंतरच्या निविदांत एखाद्या एकाच प्रभागात, एकाच रस्त्यावर ही ओळ घालून बघा. पृथक्करणाचा नमुना तयार आहे, मागाल त्याला पाठवतो.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता (स्थापत्य)

प्रत माहितीसाठी : राज्य पुरातत्त्व संचालनालय, पुरातत्त्वाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी, रस्त्याची कामं घेणारे कंत्राटदार मित्र.